चौदा मुद्दे आणि दोन गिटारी

खरेदीच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरातला कुलर मी नऊ दुकानं फिरून घेतला. कुकर घेताना तर दुकानदाराने शेवटी मला हात जोडले होते. माझी एक पद्धत आहे. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तक्ता करायचा, मुद्दे काढायचे, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज मारायची. बेरीज खोटं बोलत नाही. मी नंदुरबारच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे आलेखाचा कागद घरात कायम असतो.

तर या जानेवारीत मी गिटारींचा तक्ता केला. चौदा मुद्दे!

भूगोलाचा मास्तर आणि गिटार, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. पुढचं ऐकून आणखी हसाल, कारण मी सिनेमातली गाणी वाजवत नाही. मी जिप्सी जॅझ वाजवतो. फ्रान्समधल्या भटक्या लोकांनी नव्वदेक वर्षांपूर्वी उभं केलेलं हे संगीत आहे. त्यात ढोल नाही, तबला नाही. एक व्हायोलिन पुढे सुसाट पळतं आणि मागे गिटार ठेका धरते. झुक-चक, झुक-चक, झुक-चक. सगळी इमारत त्या झुक-चकवर उभी असते. सहा वर्षं मोबाईलवर बघून बघून मी तो ठेका शिकलो. या सहा वर्षांत त्यावर दोन शब्द बोलायला मला गावात एक माणूस मिळाला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा वाजवलं, तर आमच्या मुख्याध्यापकांनी माईकवर सांगितलं, "सरांची गिटार जुळवून होईपर्यंत आपण पुढचा कार्यक्रम घेऊ." मी तेव्हा तिसऱ्या गाण्यावर होतो.

म्हणून जागृतीताईंचा फोन आला तेव्हा मी वर्गात उभा होतो तो खुर्चीवर बसलो. या बाई मूळच्या नवापूरच्या, आता सुरतेला राहतात आणि हेच संगीत व्हायोलिनवर वाजवतात. त्यांचा चौघांचा संच आहे. दर शनिवारी सुरतेत एका हॉटेलात त्यांचा कार्यक्रम असतो. त्यांच्यातला ठेका धरणारा माणूस कॅनडाला निघून गेला होता आणि माझा एक व्हिडिओ कुणीतरी त्यांना पाठवला होता.

"भाग्येशभाई, पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येते. समोर बसून ऐकते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. ही दुकानातली गिटार आमच्या कामाची नाही. या वाजवण्यासाठी हाताने बनवलेली असते, तसली घ्या. कुठली घेताय तेही बघते."

चार माणसांत ती चौथी खुर्ची मला हवी होती. सहा वर्षं एकटा भिंतीकडे बघून वाजवणाऱ्या माणसाला ती किती हवी असते, हे मी तक्त्यात मांडू शकत नाही.

हाताने गिटारी बनवणारे दोन कारागीर मी हुडकून काढले. एक गोव्याचे, एक केरळचे. दोघांनाही इतके प्रश्न विचारले की दोघांनीही कंटाळून कबूल केलं, आठ दिवस घरी ठेवा, वाजवून बघा, आवडली तर ठेवा, नाहीतर परत पाठवा. दोन लांबलचक पेट्या कुरिअरने एकाच दिवशी आल्या. गोव्याच्या गिटारीचं तोंड मोठं, इंग्रजी डी अक्षरासारखं. केरळच्या गिटारीचं तोंड लिंबाएवढं, लांबट गोल. जाणकार म्हणतात मोठ्या तोंडाची ठेक्याला बरी, छोट्या तोंडाची एकल वादनाला बरी, तिचा आवाज टोकदार निघतो. पण जाणकारांवर विश्वास ठेवायचा तर तक्ता कशाला करायचा?

आता घराची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. खाली माझे सासू-सासरे राहतात, वर मी आणि माझी बायको स्वप्नाली. मी घरजावई नाही. वरचं लाईट बिल मी भरतो. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला मामी म्हणतात. माझे मामा, म्हणजे भाईदासमामा, यांनी चाळीस वर्षं मिरचीच्या बाजारात माल पारखण्याचं काम केलं. ढिगातून एक मिरची उचलायची, कानाशी धरून हलवायची. आत बी खुळखुळलं की मिरची वाळलेली, नाही खुळखुळलं की ओली. मग मोडायची, हुंगायची आणि निकाल द्यायचा. त्यांच्या निकालावर ट्रक भरले जायचे. आता निवृत्त झाले तरी सवय गेलेली नाही. नारळ हलवतात, कलिंगड हलवतात. मोबाईल घेताना त्यांनी मोबाईल हलवला होता. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा माझा खांदा धरून मलाही जरा हलवलं होतं, असा मला अजून संशय आहे.

पेट्या उघडल्या तेव्हा मामा आणि मामी दोघंही वर आले.

"हाई काय शे, जवाईबापू? हिनं तोंड इतलं मोठं, नी तिनं इतलंसं?" मामा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. मग वाकून तारांखालच्या लाकडी घोडीकडे बघू लागले. या गिटारींना घोडीच्या दोन्ही बाजूंना लाकडाची वळणदार टोकं असतात. "दोन्हीसले मिशा बी शेत."

"मामा, त्या घोडीला हात लावू नका. ती चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते."

"कारागीरनं चिकटाडनं ऱ्हाई गयं का?"

मी त्यांना विज्ञान समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली जाताना मामींना म्हणाले की दोन्ही माल कच्चे दिसतात.

मी लगेच तक्ता घेऊन बसलो. आवाजाचा जोर, आवाजाची धार, मानेची जाडी, वजन, लाकडाची वीण, असे एकेक मुद्दे रंगीत पेनांनी मांडत होतो. मामी तिथेच उभ्या होत्या. मामींना, म्हणजे शोभाबाईंना, घरातल्या प्रत्येक वस्तूची काळजी वाटते.

"जवाईबापू, लाकूडनी वस्तू शे. कीड लागाले नको. मी काही करू का?"

मी 'लाकडाची वीण' या मुद्द्याखाली रेघ मारत होतो. मान वर न करता म्हणालो, "करा, करा मामी."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माझ्या तर ते जन्मभर लक्षात राहील.

मंगळवारी खरी अडचण समोर आली. गिटारीचा आवाज पुढे जातो. वाजवणाऱ्याला स्वतःला तो अर्धामुर्धाच ऐकू येतो. म्हणजे खरी तुलना करायची तर दुसऱ्या कुणीतरी वाजवायला हवं आणि मी समोर बसून ऐकायला हवं. तेही डोळे बांधून, कारण डोळे उघडे असले की माणूस पॉलिश बघून गुण देतो. आमच्या गल्लीत गिटार वाजवणारा मी एकटा. राहिली स्वप्नाली. ती घरीच, खालच्या खोलीत, ब्लाउज शिवते, दिवसातले सहा तास शिलाई मशीनवर असते. मी तिला मशीनवरून उठवलं.

"फक्त दोन कॉर्ड शिक, म्हणजे बोटांच्या दोन पकडी. दोनच. आणि झुक-चक. बाकी काही नको."

"नऊ ब्लाउज द्यायचेत शुक्रवारपर्यंत."

"माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, स्वप्ना."

"ब्लाउजवाल्या बायकाही हेच म्हणतात."

पण शिकली बिचारी. बोटं दुखली, फुंकर घातली, परत शिकली. बुधवारी शाळा सुटल्यावर मी डोळ्यांवर तिची ओढणी घट्ट बांधून बसलो, तक्ता मांडीवर. ती मला न सांगता कधी ही उचलायची, कधी ती, आणि मी आवाज ऐकून अंदाजाने गुण लिहायचो. दोन मिनिटांत माझी चिडचिड सुरू झाली.

"अगं मागे पडतेयस. जरा पुढे सरक. झुक-चक, झुक-चक, असं."

"अहो, मी कुठे मागे पडतेय?"

"माझ्या पायाकडे बघ. पायाने ताल देतोय ना मी?"

थोडा वेळ तसंच चाललं. मग झुक-चक थांबलं. स्वप्नाली चिडली की अहिराणीवर येते.

"तुम्हना पाय पळी ऱ्हायना. मन्हा हात जागावरच शे."

सहा वर्षं वाजवणाऱ्या माणसाला दोन दिवस वाजवणारी बाई सांगत होती की तुमचाच पाय पळतोय! मी दुर्लक्ष केलं. ओढणी सोडून निकाल बघितला तर स्वप्नालीच्या टिपणानुसार मी केरळच्या गिटारीला एकदा नऊ गुण दिले होते आणि पाच मिनिटांनी त्याच गिटारीला चार. गोव्याच्या गिटारीसमोर मी एके ठिकाणी 'ही नक्की केरळची' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

तेवढ्यात मामा वर आले. आवाज ऐकून आले होते.

"इतला दिवस का करी ऱ्हायनात? माले द्या."

मी नको-नको म्हणेपर्यंत त्यांनी गोव्याची गिटार उचलली, कानाशी धरली आणि हलवली. काही आवाज नाही. खाली ठेवली. "वल्ली शे." मग केरळची उचलली आणि हलवली.

खुळ्ळ.

मी गिटार धरायला धावलो. मामांच्या चेहऱ्यावर मात्र चाळीस वर्षांचं समाधान पसरलं.

"हाई वाळेल शे. डोळा झाकीसन लई ल्या."

"मामा, गिटार खुळखुळली म्हणजे आतलं काहीतरी निखळलंय!"

"बी शे ते," मामा शांतपणे म्हणाले आणि खाली गेले.

मी केरळला फोन लावला. ते कारागीर मोडक्या हिंदीत बोलतात.

"अंदर से आवाज? मेरा गिटार का आवाज बाहर आता है, अंदर नहीं."

"कुछ हिल रहा है अंदर."

"मेरा कुछ नहीं हिलता. आप छूना मत. जैसा है वैसा वापस भेजो."

परत पाठवायची? रविवार चार दिवसांवर आला होता आणि तक्त्यात दोन्ही गिटारींची बेरीज एकशे दोन-एकशे दोन अशी बरोबरीत अडकली होती. चौदा मुद्दे मांडून बरोबरी! अशा वेळी एक गिटार परत पाठवली असती तर निकाल मी नाही, कुरिअरवाल्याने लावल्यासारखं झालं असतं. मी ठरवलं, आतलं काय ते आपणच काढू.

गुरुवारी मी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि कामाला लागलो. मोबाईलची बॅटरी लावून त्या लिंबाएवढ्या तोंडातून आत डोकावलं. दाढीचा आरसा तिरका धरला. आत अंधार आणि कोपऱ्यात काहीतरी लालसर दिसलं. कारागीर गिटारीच्या आत आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवतात, ती असणार, असं मी धरून चाललो. मग गिटार उपडी करून झटकली, काही पडलं नाही. तारा सैल केल्या, तर ती मिशीवाली घोडी टपकन निसटून पलंगाखाली गेली. ती नेमकी कुठे उभी होती याची खूण मी करून ठेवली नव्हती. तक्त्यात तो मुद्दाच नव्हता.

शेवटी मोडक्या छत्रीची तार घेतली, टोक वाकवलं आणि ती आत घालून तासभर ढवळलं. वर खाली, आडवं उभं, जिथे खुळखुळ होईल तिथे टोचायचं. मला तीनदा शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. पण जानेवारीत आमच्या गावात शिंक आली तर कुणी कारण विचारत नाही. गावाबाहेर मैलभर मिरच्या वाळत पडलेल्या असतात आणि वारा त्यांच्यावरूनच गावात येतो. मी खिडकी लावून घेतली आणि ढवळत राहिलो.

अन् काय सांगू, खुळखुळ थांबली! हलवून बघितलं, पूर्ण शांत. घोडी अंदाजाने परत बसवली, तारा ताणल्या, सूर बऱ्यापैकी लागला. निखळलेलं काहीतरी परत आपल्या जागी जाऊन बसलं असणार. कारागिराला न जमलेलं काम मी छत्रीच्या तारेने केलं, या आनंदात मी केरळच्या गिटारीला दोन गुण जादा दिले आणि पुन्हा काही निखळू नये म्हणून रविवारपर्यंत ती वाजवायची नाही असं ठरवलं. संध्याकाळी मामांनी ती परत कानाशी धरून हलवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या नातेवाइकाला काहीतरी केलंय.

"बी कोठे गयं?" त्यांनी विचारलं.

रविवारी जागृतीताई वेळेवर आल्या. रिक्षातून उतरल्या तेव्हा एका हाताने नाकावर रुमाल धरलेला, दुसऱ्या हातात व्हायोलिनची पेटी. "तुमच्या गावात उतरलं की आधी मिरचीच भेटते," म्हणाल्या. त्यांना त्रास नको म्हणून मी खोलीची सगळी दारं-खिडक्या लावून घेतली. फटीत चादर कोंबली. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, मामी आणि स्वप्नाली दाराशी. मी ताईंना आपल्यासमोर अगदी तीन हातांवर बसवलं, आवाज थेट पोचावा म्हणून.

आधी गोव्याची गिटार घेतली. छान लागली. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर 'हं' म्हणाल्या. हे 'हं' कुठल्या मुद्द्यात बसवायचं ते मला कळेना.

"आता दुसरी ऐका," मी म्हणालो. "हिच्यावर मी स्वतः थोडं काम केलंय."

छोट्या तोंडाच्या गिटारीवर मी ठेका धरला. झुक-चक, झुक-चक. पहिल्या दहा-बारा ठोक्यांत ताईंनी डोळे उघडले. मग त्यांचे डोळे भरून आले. माझ्या अंगावर काटा आला. सहा वर्षांची तपश्चर्या! मी जोर वाढवला. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी हात वर केला आणि हलवला, मला वाटलं वाहवा करतायत. मी वेग वाढवला, तारांवर असा तुटून पडलो की गिटार मांडीवर उड्या मारू लागली. ताई पुढे वाकल्या, छातीवर हात ठेवला, तोंडातून शब्द फुटेना. मी मनात म्हटलं, खुर्ची आपली झाली.

मग त्या शिंकल्या. एकदा, दोनदा, सलग आठ वेळा. पाठोपाठ मामी खोकल्या. स्वप्नालीने पदर नाकाला लावला. आणि मला दिसलं, गिटारीच्या त्या लिंबाएवढ्या तोंडातून प्रत्येक 'चक'ला तांबूस धुरळा उडत होता.

"ठसका बी कसा शे दखा," कोपऱ्यातून मामा म्हणाले. खोलीत फक्त त्यांनाच काही झालं नव्हतं. "एक नंबर माल. मी सांगेल व्हतं."

मला जो ठसका लागला तो थेट पायातून वर आला. मी डोळे पुसायला हात नेला. त्या धुरळ्यातल्या तारांवर फिरलेला हात! पुढचं काही मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. चादर ओढून खिडक्या उघडल्याचा आवाज, ताईंचा खोकला आणि त्यात मामींचा शांत, समजावणीचा सूर.

"मीच टाकेल शेत. पाच. डाळना डबामा टाकतस तश्या. कीड लागत नही."

"मामी," मी आंधळ्यासारखा चाचपडत ओरडलो, "गिटारीत मिरच्या?"

"तुम्हीच म्हणनात ना, करा करा."

"मग त्या दुसरीत का नाही टाकल्या?"

"तिन्हामा उजेड जास. उजेडमा कीड कोठे व्हस?"

पाच सबंध, वाळलेल्या, निवडक मिरच्या मामींनी प्रेमाने आत सोडल्या होत्या. आणि गुरुवारी तासभर छत्रीच्या तारेने आत त्यांची पूड कुणी केली, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

मामींनी मला हाताला धरून मधल्या खोलीत नेलं, पलंगावर आडवं केलं आणि थंड दुधात भिजवलेल्या कापडाची घडी डोळ्यांवर ठेवली. "हलू नका," म्हणाल्या. मी हललो नाही. कशाला हलायचं? ताई आता दुपारची गाडी धरणार आणि सुरतेला जाऊन नंदुरबारच्या मास्तराची गोष्ट तिखटमीठ न लावताही रंगवून सांगणार. मला रडायला येत होतं, पण डोळ्यांतून आधीच इतकं पाणी जात होतं की वेगळं रडण्यात अर्थ नव्हता.

बाहेर थोडा वेळ पाणी पिण्याचे, कपबशीचे आवाज आले. ताई आणि स्वप्नाली काहीतरी बोलत होत्या. आणि मग गिटार सुरू झाली.

झुक-चक, झुक-चक, झुक-चक.

ही गोव्याची. मोठ्या तोंडाची. यात शंकाच नाही! डोळे बंद, अंतर बारा फूट, वाजवणारा दुसरा कुणीतरी. सगळ्या आठवड्यात न जमलेली परीक्षा आत्ता, आपोआप, नीट होत होती. आणि काय तो ठेका! घाई नाही, ओढाताण नाही. प्रत्येक 'चक' बरोबर जिथे पडायला हवा तिथे पडत होता. इतका खरा ठेका मी आजवर समोरासमोर ऐकलाच नव्हता. पडल्या पडल्या मी मनात गुण देत गेलो. दहा, दहा, दहा. चौदा मुद्दे, एकशे चाळीस गुण!

"ताई," मी दुधाच्या घडीखालून हाक मारली, "तुम्ही गिटारही इतकी सुंदर वाजवता?"

उत्तराऐवजी त्या ठेक्यावर व्हायोलिन उतरलं आणि पळत सुटलं. ठेका तसाच. एक केसही हलला नाही.

एका माणसाला चार हात नसतात, एवढं विज्ञान मला कळतं. मी घडी काढली, भिंत धरत दारापर्यंत गेलो आणि एक डोळा किलकिला करून पाहिलं. ताई उभ्याने व्हायोलिन वाजवत होत्या. समोर वेताच्या मोड्यावर स्वप्नाली बसली होती. तिला दोनच कॉर्ड येत होते, तेच ती आलटून पालटून वाजवत होती. पाय जमिनीवर, मशीनच्या पायट्यावर असतो तसा. ती गिटारीकडे बघतही नव्हती, गॅसवरच्या दुधाकडे बघत होती.

ताईंनी गज खाली घेतला. "स्वप्नालीबेन, किती वर्षं वाजवताय?"

"मंगळवारपासून," स्वप्नाली म्हणाली. "यांच्या तक्त्यासाठी."

ताई माझ्याकडे वळल्या. नाक लाल, डोळे सुजलेले, पण आवाज अगदी मायेचा. "भाग्येशभाई, वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही गिटारी चांगल्या आहेत. तुमचा हात धावतो. मघाशी पहिल्या गिटारीवर मी डोळे मिटून तेच मोजत होते. दुसरीवर तर मोजताच आलं नाही." मग म्हणाल्या, "कॉर्ड तीन महिन्यांत शिकवता येतात. जागेवर राहणारा हात नाही शिकवता येत. यांना शनिवारी पाठवाल?"

स्वप्नालीने गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"मी कशी जाऊ? ती खुर्ची यांची आहे," ती म्हणाली.

मी लगेच हो म्हणालो असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या छातीत काहीतरी चांगलंच टोचलं, आणि ती मिरची नव्हती. सहा वर्षं भिंतीकडे बघून काढली होती मी. पण थोड्या वेळापूर्वी मी त्या ठेक्याला एकशे चाळीसपैकी एकशे चाळीस गुण दिले होते, डोळे बांधून, माझ्याच नियमाने. बेरीज खोटं बोलत नाही, हे मी स्वतःच गावभर सांगत फिरतो.

"जा," मी म्हणालो. "पण दूध उतू चाललंय ते आधी बघ."

याला आता चार महिने झाले. स्वप्नालीला चोवीस कॉर्ड येतात. दर शनिवारी ती दुपारच्या गाडीने सुरतेला जाते आणि रविवारी परत येते. मी स्टेशनवर गिटारीची पेटी उचलून नेतो, पेटी वर ठेवतो, पाण्याची बाटली देतो. ब्लाउज ती आता सोमवार ते गुरुवारच घेते. गोव्याची गिटार आम्ही ठेवली. घेण्याआधी मी तक्ता पुढे केला, तर तिने तो बाजूला सारून गिटार कानाशी धरली, हलवली आणि म्हणाली, "हीच." शेवटी मुलगी कुणाची आहे.

केरळच्या कारागिरांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "वो गिटार आप रखो. मेरे घर में बच्चे हैं." त्यामुळे छोट्या तोंडाची माझ्याकडेच आहे. ती मी चार वेळा झटकली, पंप लावून हवा मारली, तरी लाकडाच्या सांध्यांतली पूड काही निघत नाही. सावकाश, जागेवर वाजवलं तर काही होत नाही. पण जरा हात धावला, जोर चढला, की आतून तांबूस धुरळा येतो आणि मला ठसका लागतो.

स्वप्नालीने माझ्या सरावासाठी एक तक्ता केलाय, माझ्याच आलेखाच्या कागदावर. त्यात एकच मुद्दा आहे. तिला समोर बसून ऐकावंही लागत नाही. खाली मशीनवर बसून ती माझे ठसके मोजते आणि संध्याकाळी आकडा लिहिते.

काल अकरा होते.